एजंटचा दप्तरदार

एआय एजंटला कंपनीतले मुळात काहीच ठाऊक नसते. भाषा-मॉडेल ज्या मजकुरावर तयार होते, त्यात जगभरची पुस्तके, बातम्या, संकेतस्थळे असतात. पण एखाद्या कारखान्याने गेल्या मार्चमध्ये बदललेले रजेचे नियम, पुरवठादाराबरोबरच्या कराराची सातवी पुरवणी किंवा म्हैसूरच्या गोदामातला शिल्लक साठा त्यात नसतो. हे सगळे कंपनीच्या व्यावसायिक सॉफ्टवेअरमध्ये असते: हिशेब, मनुष्यबळ, विक्री, तक्रारी, ई-मेल, सामायिक फोल्डर अशा नाना कप्प्यांत. या कप्प्यांपर्यंत एजंटचा हात पोचवणारा जो जोडभाग, ते शोधसाधन. एजंट त्याला प्रश्न देतो, ते चार-सहा उतारे परत देते आणि उत्तर त्या उताऱ्यांतून उभे राहते. उतारा चुकला तर मॉडेल कितीही हुशार असो, उत्तर चुकते. आणि ते चुकलेले उत्तरही ठाम, सफाईदार भाषेत येते.

माणूस शोधतो तेव्हा त्याच्यासमोर दहा दुवे येतात. तो तारखेवर नजर टाकतो, ‘हे परिपत्रक तर जुने’ म्हणून पुढे जातो, आणि काहीच सापडले नाही तर कोपऱ्यातल्या टेबलावरच्या अनुभवी कारकुनाला विचारतो. एजंटला तो कारकून नसतो. जे हाती आले ते त्याच्यासाठी खरे. म्हणून माणसासाठी केलेला शोध एजंटला तसाच जोडून भागत नाही. उताऱ्याबरोबर त्याचे शीर्षक, तारीख, विभाग, आवृत्ती आणि तो अजून लागू आहे की नाही, एवढे तरी परत यावे लागते.

दुसरा फरक शोधण्याच्या रीतीत आहे. माणूस एकदा शोधतो. एजंट शोधतो, वाचतो, त्यातून नवा प्रश्न करतो आणि पुन्हा शोधतो. विचार आणि कृती अशी आलटून पालटून करण्याची ‘रिअ‍ॅक्ट’ नावाची पद्धत २०२२ मध्ये मांडली गेली. जून २०२३ मध्ये ओपनएआयने मॉडेलला बाहेरची साधने हाक मारून वापरता येतील अशी सोय दिली, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिकने साधने जोडण्याचे एक खुले मानक, ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’, जाहीर केले. या सगळ्यात शोधसाधनाचे वर्णन मॉडेलला चार-पाच ओळींत लिहून द्यावे लागते: हे कशासाठी आहे, तारखेची चाळणी कशी लावायची, विभागाचे नाव कुठे लिहायचे. हे वर्णन गचाळ असेल तर एजंट रजेचा नियम विक्रीच्या कप्प्यात शोधत बसतो. मोठमोठ्या प्रकल्पांतही या ओळींवर अनेकदा फार कमी वेळ खर्च होतो.

बाजारात ही साधने झपाट्याने आली. मायक्रोसॉफ्टचा ३६५ कोपायलट नोव्हेंबर २०२३ मध्ये मोठ्या कंपन्यांसाठी खुला झाला, एसएपीचा ‘जूल’ त्याच वर्षी जाहीर झाला, सेल्सफोर्सचा ‘एजंटफोर्स’ २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये आला, गूगलचा ‘एजंटस्पेस’ डिसेंबरमध्ये. प्रत्येकाच्या जाहिरातीत एजंट पुढे असतो आणि शोध मागे. आत मात्र बरेचसे कष्ट शोधाचेच असतात.

दप्तर सांभाळणाऱ्या कोणालाही यात नवे काही वाटणार नाही. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दप्तराचे कागद रुमालांत बांधलेले आहेत. इमारत १८९१ ची. गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात त्यातून निवडलेल्या कागदांचे ४५ खंड संपादित केले. तिथे अडचण कागद नसण्याची नव्हती, कोणता कागद कोणत्या रुमालात हे कळण्याची होती. महाराष्ट्रातल्या सरकारी कचेऱ्यांत आजही बारनिशीला आवक कागद नोंदला जातो, सहा गठ्ठे पद्धतीने टेबल लावले जाते, आणि त्या सहांतली एक ‘स्थायी आदेश संचिका’ असते. नवा आदेश आला की तो तिथे लागतो. चांगल्या लिपिकाची ओळख अशी की साहेबांनी विचारल्यावर तो नेमका लागू असलेला आदेश काढतो, आधीचा नाही. एजंटच्या शोधसाधनाकडून अपेक्षा तेवढीच आहे, फक्त दहा-वीस लाख कागदांतून आणि एका सेकंदाच्या आत.

शोधाची सर्वांत जुनी रीत शब्दांची आहे. प्रत्येक शब्दापुढे तो कोणकोणत्या कागदात आला याची यादी ठेवायची; पुस्तकामागे शब्दसूची असते तशी. कोणता शब्द किती वजनाचा, याचे गणित केंब्रिजच्या कॅरन स्पार्क जोन्स यांनी १९७२ मध्ये घातले: जो शब्द थोड्याच कागदांत येतो तो शोधाला अधिक उपयोगी. ‘आदेश’ शब्द सगळीकडे असतो, ‘सरगूर’ हे गावाचे नाव क्वचित. त्याच धाग्यावर लंडनच्या सिटी विद्यापीठात स्टीफन रॉबर्टसन आणि सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात ‘बीएम२५’ हे सूत्र बसवले, आणि तीस वर्षांनंतरही ते टिकून आहे. डग कटिंगने १९९९ मध्ये लिहिलेले ‘ल्युसीन’ आणि त्यावर उभे राहिलेले ‘इलॅस्टिकसर्च’ आज असंख्य कंपन्यांत हेच सूत्र चालवतात. करार क्रमांक, बीजक क्रमांक, शासन निर्णयाचा सांकेतांक असे जसेच्या तसे जुळवायचे असेल तर याला तोड नाही.

मराठीत मात्र ही रीत पहिल्याच पायरीवर अडखळते. हिंदीत ‘घर में’ हे दोन शब्द, मराठीत ‘घरात’ हा एक. त्यामुळे मराठी नाम विभक्ती आणि शब्दयोगी अव्यये अंगावर घेऊन फिरते: पाणी, पाण्याचा, पाण्यासाठी, पाण्यावाचून. यंत्राला हे चार वेगळे शब्द वाटतात. याची मोजदाद झालेली आहे. भारतीय भाषांतल्या शोधाची परीक्षा घेणारा ‘फायर’ हा उपक्रम २००८ मध्ये सुरू झाला, आणि त्याच्या मराठी संचात ‘सकाळ’ व ‘महाराष्ट्र टाइम्स’मधले सुमारे ९९ हजार लेख होते. स्वित्झर्लंडच्या नशातेल विद्यापीठातले ज्याक साव्हुआ आणि लिलिआना डोलामिच यांनी त्यावर प्रयोग करून २०१० मध्ये निष्कर्ष छापले. प्रत्यय कडकपणे छाटून मूळ शब्दावर सूची केली तर शोधाचा दर्जा हिंदीत सुमारे २८ टक्के, बंगालीत १८ टक्के आणि मराठीत ४२ टक्के सुधारला. मराठीला व्याकरण न कळणारा शोध किती महागात पडतो, हे यापेक्षा नेमके सांगता येणार नाही. आणि ते सांगितले स्वित्झर्लंडमधल्या विद्यापीठाने.

त्याच अभ्यासात एक सोपी युक्तीही तपासली होती: व्याकरण बाजूला ठेवा, प्रत्येक शब्दाची फक्त पहिली चार अक्षरे घ्या. ती कडक छाटणीच्या जवळपास तोलामोलाची ठरली. पण शुद्धलेखनाचा एक नियम तिला चकवतो. सामान्यरूप होताना उपान्त्य दीर्घ ऊकार ऱ्हस्व होतो: नागपूर, पण नागपुरात, सरगूर, पण सरगुरात. युनिकोड या संगणकी अक्षरसंकेतात व्यंजन आणि स्वरचिन्ह वेगळे मोजले जाते. त्या हिशेबाने ‘नागपूर’ची पहिली चार एकके न, काना, ग, प, ऊकार पाचवा, म्हणून युक्ती निभावते. ‘सरगूर’ची चार एकके स, र, ग आणि दीर्घ ऊकार, ‘सरगुरात’ची स, र, ग आणि ऱ्हस्व उकार. दोन्ही वेगळी निघतात, आणि सरगुरातला कागद सरगूर शोधणाऱ्याच्या हाती लागत नाही.

लिपीच्या पोटात आणखी सापळे आहेत. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ मध्ये स्वतंत्र आले. त्याआधी आणि अजूनही कित्येक जण ‘अ’वर चंद्र देऊन तेच लिहितात. डोळ्याला दोन्ही सारखी दिसतात, यंत्राला वेगळी. युनिकोडचा स्वतःचा एकसारखेपणाचा नियम ‘ऱ्या’मधल्या ‘ऱ’ची दोन रूपे एक करतो, पण ‘ॲ’ची करत नाही, ते काम शोधसाधन बांधणाऱ्यानेच करायचे असते. त्याहून जुने दुखणे फॉन्टचे. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची ‘श्री-लिपी’ किंवा सी-डॅकच्या जुन्या संचातली ‘सुरेख’ यांत टंकलेल्या हजारो फायलींत पडद्यावर मराठी दिसते, पण आतला मजकूर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा गोंधळ असतो. त्यातले शब्द सूचीत जातात ते कोणत्याच भाषेचे नसतात. फाइल आहे, उघडते, वाचता येते. शोधात मात्र ती अस्तित्वातच नाही.

दुसरी रीत अर्थाची. शब्दाला किंवा वाक्याला काही शे आकड्यांच्या ओळीत बदलायचे, आणि ज्या ओळी एकमेकींजवळ येतात त्या अर्थाने जवळच्या मानायच्या. गूगलमध्ये २०१३ साली झालेल्या ‘वर्ड टू व्हेक’ने ही कल्पना गाजवली, २०१८ च्या ‘बर्ट’ने ती वाक्याच्या संदर्भापर्यंत नेली. २०२० मध्ये फेसबुकच्या संशोधकांनी शोध आणि लेखन यांची सांगड घालणारा निबंध लिहिला, आणि आजचा जवळपास प्रत्येक व्यावसायिक एजंट कुठे ना कुठे त्याच वाटेने चालतो. मराठीसाठी पुण्याच्या ‘एल३क्यूब’ गटाने २०२२ मध्ये मोलाचे काम केले: सुमारे २ कोटी ४८ लाख वाक्यांचा ‘महाकॉर्पस’, त्यावरचा ‘महाबर्ट’ आणि वाक्यांची जवळीक मोजणारा ‘महाएसबर्ट’. अशा मॉडेलमुळे ‘पगार कधी होणार’ असे विचारले तरी ‘वेतन अदा करण्याची तारीख’ असे लिहिलेले परिपत्रक सापडते. शब्द एकही जुळत नाही, अर्थ जुळतो.

पण अर्थावर चालणारा शोध विशेषनामांना कच्चा. ‘सरगूर’ला अर्थ काय? ते एका गावाचे नाव आहे, एवढाच. प्रिन्स्टनमधल्या संशोधकांनी २०२१ मध्ये दाखवले की, व्यक्ती-स्थळांबद्दलच्या साध्या प्रश्नांत, विशेषतः क्वचित येणाऱ्या नावांत, अर्थशोध जुन्या बीएम२५ पुढे हरतो. म्हणून चांगल्या साधनात दोन्ही रीती शेजारी चालतात आणि त्यांच्या याद्या क्रमांकांवरून एकत्र केल्या जातात. एकत्र करण्याचे २००९ मधले सूत्र इतके साधे आहे की ते शाळकरी मुलालाही समजेल: दोन्ही याद्यांत जो वर, तो वर. वर आलेल्या पन्नासेक उताऱ्यांना मग दुसरे, संथ पण बारकाईने वाचणारे मॉडेल चाळते.

सरगूर हे नाव इथे उगाच आलेले नाही. म्हैसूर जिल्ह्यात कपिला नदीकाठचे हे गाव पूर्वी हेग्गडदेवनकोटे तालुक्यात एका होबळीचे, म्हणजे तालुक्याखालच्या महसुली विभागाचे, ठाणे होते. कर्नाटकाने २०१७-१८ च्या सुमारास नवे तालुके केले तेव्हा ते स्वतः तालुका झाले. कर्नाटकाच्या ‘भूमी’ या भूमिअभिलेख प्रणालीत शोध घ्यायचा तो जिल्हा, तालुका, होबळी, गाव, सर्व्हे नंबर अशा उतरंडीने. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत तिने ६७ लाख खातेदारांचे सुमारे २ कोटी उतारे संगणकावर आणले, आणि देशभर तिचे कौतुक झाले ते रास्तच. मात्र उतरंडीचा शोध उतरंड बदलली की अडतो. एखादी सहकारी संस्था किंवा कंपनी आपल्या सरगूरच्या जागेचे कागद एजंटला विचारू लागली, तर विभाजनाआधीच्या प्रत्येक पत्रावर तालुका म्हणून ‘हेग्गडदेवनकोटे’, ‘एच. डी. कोटे’ किंवा नुसते ‘कोटे’ असणार. ‘तालुका: सरगूर’ अशी चाळणी लावणारा एजंट ती सगळी पत्रे गाळून टाकतो आणि निरागसपणे सांगतो की, त्याआधीचा एकही कागद नाही. शिवाय नाव कन्नडमध्ये शेवटी उकार घेऊन येते, रोमनमध्ये कधी ‘सारा’ने सुरू होते तर कधी ‘सर’ने, आणि मराठीत ‘सरगुर’ असे चुकीचेही लिहिले जाते.

नावांचे हे दुखणे मराठी वाचकाला परके नाही. १ नोव्हेंबर २०१४ रोजी कर्नाटकातल्या बारा शहरांची नावे अधिकृतपणे बदलली. म्हैसूरचे ‘मैसूरु’ आणि बेळगावचे ‘बेळगावी’ झाले. महाराष्ट्रात २०२३ मध्ये औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचे धाराशिव झाले, पुढे अहमदनगरचे अहिल्यानगर. नावाचा वाद राजकारणाचा. शोधसाधनाला त्यात बाजू घ्यायची नसते, सगळी नावे एकाच ठिकाणाखाली बांधायची असतात. त्यासाठी पर्यायी नावांची एक साधी यादी पुरते, ज्यात प्रत्येक नावापुढे ‘कधीपासून कधीपर्यंत’ लिहिलेले असेल. ही यादी कोणतेही मॉडेल आपोआप करून देत नाही. ती त्या जिल्ह्यात काम केलेल्या माणसालाच करावी लागते, आणि व्यावसायिक सॉफ्टवेअरच्या किमतीपुढे तिचा खर्च नगण्य असतो.

काळाचा प्रश्न नावापुरता नाही. १ जुलै २०२४ रोजी भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. खुनाचे कलम ३०२ होते ते १०३ झाले. साऱ्या महाराष्ट्राला तोंडपाठ असलेले ‘चारशेवीस’ ३१८ मध्ये गेले. पण ३० जूनला घडलेल्या गुन्ह्याला जुनाच कायदा लागतो. ‘फसवणुकीला कोणते कलम’ या प्रश्नाला म्हणून एक उत्तर नाही. ते गुन्ह्याच्या तारखेवर ठरते. नुसता अर्थ जुळवणारे शोधसाधन दोन्ही कायद्यांतली दोन्ही कलमे सारख्याच आत्मविश्वासाने वर आणील, कारण त्यांचा अर्थ जवळजवळ एकच आहे. शासन निर्णयांत तर ‘अधिक्रमित करण्यात येत आहे’ हे वाक्य नव्या कागदावर असते, जुन्यावर नसते. जुना कागद स्वतःबद्दल कधीच सांगत नाही की, आपण मेलो आहोत. सूची करतानाच ही साखळी जोडावी लागते, आणि जोडली नसेल तर एजंट मेलेल्या निर्णयाचा आधार देत राहतो.

कागद कापण्याची रीतही उत्तर बिघडवते. मोठा दस्तऐवज सूचीत जातो तो दोन-तीनशे शब्दांच्या तुकड्यांत. तक्ता मधूनच कापला तर रकाने एका तुकड्यात, शीर्षक दुसऱ्यात. ‘वरील अटी पुढील कर्मचाऱ्यांना लागू नाहीत’ हे वाक्य अटींपासून तुटले तर एजंट सूट हाच नियम समजतो. तुकड्याच्या डोक्यावर मूळ कागदाचे शीर्षक आणि प्रकरण चिकटवणे हा यावरचा जुनाच पण उपयोगी इलाज. ‘जास्त उतारे द्या, मॉडेल बघून घेईल’ हा सल्लाही फसवा आहे; स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२३ मध्ये दाखवले की, लांब मजकुरात मधोमध पडलेली माहिती मॉडेलच्या हातून निसटते. त्यात देवनागरीचे प्रत्येक एकक प्रचलित साठवणीत तीन बाइट घेते, आणि अनेक मॉडेल मराठी शब्दाचे इंग्रजीपेक्षा जास्त तुकडे करतात. एवढ्याच जागेत मराठी उतारे कमी मावतात आणि बिल जास्त येते.

सगळ्यात कठीण भाग मात्र कोणाला काय दिसावे हा. कंपनीच्या सामायिक फोल्डरात पगाराचे तक्ते, चौकशी अहवाल, राजीनाम्याची पत्रे चुकून सर्वांसाठी उघडी पडलेली असतात. वर्षानुवर्षे त्याने काही बिघडले नाही, कारण ती कुठे आहेत हे कोणाला माहीत नव्हते. शोध नीट चालू लागला की विस्मरणाचे ते संरक्षण संपते. साहेबांचा पगार किती, असे शिकाऊ कामगाराने विचारले आणि एजंटने तो सांगितला, तर चूक एजंटची नाही. दरवाजा आधीपासूनच उघडा होता. त्यामुळे साधनाने शोध घ्यायचा तो विचारणाऱ्याच्या नावाने आणि त्याच्याच हक्कांत. सोयीसाठी एकाच सर्वाधिकारी खात्यावरून सगळ्यांचे शोध चालवणे ही अशा प्रकल्पांतली महागडी चूक. हक्क तपासायचे ते उतारे निवडण्याआधी. नंतर तपासले तर ‘अमुक कागद तुम्हाला दाखवता येत नाही’ एवढ्यावरूनही तो कागद आहे हे कळून चुकते. भारतात २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने माहितीच्या सुरक्षेत कसूर झाल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंड ठेवला आहे.

धोका बाहेरूनही येतो. जून २०२५ मध्ये एम लॅब्ज या गटाने मायक्रोसॉफ्टच्या कोपायलटमधली ‘एकोलीक’ नावाची भेग जाहीर केली. हल्लेखोराने एक साधा ई-मेल पाठवायचा. त्यात मॉडेलसाठी सूचना लपवलेल्या. नंतर कर्मचाऱ्याने कामाचा एखादा साधा प्रश्न विचारला की शोधसाधन तो ई-मेलही उचलते, एजंट त्यातल्या सूचना आज्ञा समजतो आणि आतली माहिती बाहेर जाऊ शकते. कर्मचाऱ्याला कुठे क्लिकसुद्धा करावे लागत नाही. मायक्रोसॉफ्टने ती भेग बुजवली, आणि तिचा कोणी गैरवापर केल्याचे आढळले नाही. पण त्यातून शोधसाधनाची जबाबदारी वाढली: बाहेरून आलेला मजकूर आणि घरचा दप्तरी कागद यांवर वेगळी खूण हवी, आणि उतारा हा वाचायचा मजकूर आहे, पाळायचा हुकूम नाही, हे एजंटला प्रत्येक वेळी बजावून द्यावे लागते.

साधन चांगले की वाईट, हे ठरवण्याचा मार्ग कंटाळवाणा आहे. खऱ्या कामातले दोन-तीनशे प्रश्न घ्यायचे, प्रत्येकाचा बरोबर कागद जाणकाराकडून ठरवून घ्यायचा, आणि पहिल्या पाच उताऱ्यांत तो किती वेळा आला हे मोजायचे. प्रश्न बोलीतले हवेत, ‘सरगुरातल्या जागेचा फेरफार कधी झाला’ असे. आणि काही प्रश्न असे हवेत ज्यांचे उत्तर दप्तरात नाहीच. तिथे ‘सापडले नाही’ म्हणणे हेच बरोबर उत्तर. विक्रेत्याच्या प्रात्यक्षिकात हे प्रश्न कधी नसतात, म्हणून खरेदी करणाऱ्याने ते आपल्याबरोबर न्यावेत.

महाराष्ट्रात ही कसोटी मोठ्या प्रमाणावर लागणार आहे ती पोलीस ठाण्यांत. राज्य सरकारने २०२४ मध्ये उभ्या केलेल्या ‘मार्व्हल’ या संस्थेने मायक्रोसॉफ्ट आणि ‘सायबरआय’ यांच्याबरोबर ‘महाक्राइमओएस’ तयार केले. तपासाचे कागद, हस्तलिखित टिपणे, निरनिराळ्या भाषांतला मजकूर वाचणे आणि तपास अधिकाऱ्याला कायद्याचा संदर्भ काढून देणे हे त्याचे काम. नागपूरच्या २३ ठाण्यांत ते आधी चालवून पाहिले गेले. डिसेंबर २०२५ मध्ये मुंबईत ते राज्यातल्या सर्व १,१०० ठाण्यांत नेण्याची घोषणा झाली. त्या ठाण्यांतले जबाब आणि पंचनामे बहुतांशी मराठीत लिहिलेले असतात.